ओल्या वाळूची पेटी

कारखान्यातल्या यंत्रात उजवा हात मनगटापासून गेला, तेव्हापासून बारक्याने अंथरूण धरलं होतं. बारक्या हे आपलं घरातलं नाव. अंगाने चांगला दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा. जखम भरून आली, तरी गडी उठेना. कुणी काहीही विचारलं की नुसतं ‘हो’ म्हणायचा.

ताई त्याची थोरली बहीण. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. येण्याजाण्याच्या वाटेवर शोभेच्या माशांचं दुकान होतं. तिथे एका काचेच्या पेटीत शंख चालत होते. ती थबकली, तसा दुकानदार पुढे आला.

“शंखातले खेकडे आहेत. भुंकत नाहीत, चावत नाहीत, पाहुण्यांसमोर लाज आणत नाहीत. फक्त हवा दमट ठेवायची. जमिनीवर राहत असले तरी कल्ल्यांनीच श्वास घेतात. कोरड्या हवेत गुदमरून मरतात बिचारे.”

वर तारेची जाळी असलेली पेटी, तिच्यात वाळू, काही रिकामे शंख आणि चार खेकडे घेऊन ताई घरी आली. बारक्याने मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र आतून त्याची हाक आली, “ताई, लवकर ये!” हातातलं काम टाकून ती उठली. धावत जाऊन बघते तर हा पेटीला नाक लावून बसलेला. एक खेकडा जुन्या शंखातून अर्धा बाहेर आला होता, पोट उघडं, मऊ, वळलेलं. आणि क्षणात सुळकन नव्या शंखात शिरला.

“बघितलंस? घर बदललं पठ्ठ्याने!” बारक्या हसला. आई दारात उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला.

मग बारक्या उठला तो उठलाच. डाव्या हाताने वाळू भिजवायला शिकला, एक वाटी गोड्या पाण्याची, एक खाऱ्या पाण्याची, रोज न चुकता भरू लागला. सगळ्यांना ढकलत पुढे जाणाऱ्या थोराड खेकड्याचं नाव त्याने मुकादम ठेवलं. हिवाळा लागला, हवा कोरडी पडली, तसा तो दिवसभर पाणी उकळायचा, पेटीवर आणि खुर्च्यांवर ओले टॉवेल टाकायचा. खिडकी उघडायची सोय नव्हती. त्यातच एक खेकडा वाळूत गडप झाला. “कात टाकायला गेलाय,” बारक्या सांगायचा. “हात लावायचा नाही कुणी. आत तो अगदी मऊ असतो.”

आईची खाट त्याच खोलीत होती. खाटेमागच्या भिंतीवर आधी ओल आली, मग काळी बुरशी. आईचा जुना दमा उसळला. ती स्वयंपाकघरात जाऊन, तोंडाशी पदर दाबून खोकायची. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून ताईला बाजूला घेतलं. “खोली कोरडी करा. नाहीतर एक दिवस ह्यांना इथे आणायलाही वेळ मिळणार नाही.”

घरी येताना ताई म्हणाली, “आज मी बारक्याला सांगते.”

“माझी शपथ आहे,” आई म्हणाली. “पोरगं आत्ता कुठे माणसात आलंय. मी घेईन सांभाळून.”

“तू श्वास घेऊ शकत नाहीस, सांभाळणार काय?”

आईने तिचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. ताईने बारक्याला काही सांगितलं नाही.

पुढे बारक्याच्या हातावर आणखी एक शस्त्रक्रिया ठरली. निघताना तो म्हणाला, “दिवसातून दोनदा पाणी शिंपड. एवढंच कर.”

“करते रे बाबा. जा तू.”

तो गेला आणि ताईने खिडक्या सताड उघडल्या. भिंत खरवडली, पुसली, तिच्यासमोर विजेची शेगडी लावली. पेटी उचलून स्वयंपाकघरात ठेवावी म्हटलं, तर ओल्या वाळूने जड झालेली ती एकटीला हलेना. पहिल्या दिवशी तिने दोनदा पाणी शिंपडलं. त्या रात्री आई खूप दिवसांनी आडवी होऊन झोपली. एरवी उशांना टेकून बसायची. तिचा संथ श्वास ऐकत ताईलाही मेल्यासारखी झोप लागली. दुसऱ्या दिवशी पाणी एकदाच शिंपडलं. मग कामाचा रेटा, हॉस्पिटलातले हेलपाटे, आणि आईला मोकळा श्वास घेताना बघायचं सुख. पाणी राहूनच गेलं. राहून गेलं की तिने राहू दिलं, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं.

बारक्या परत आला तेव्हा पेटीला सडक्या मासळीचा वास येत होता. मुकादम शंखाबाहेर कोरड्या वाळूवर लोळागोळा होऊन पडला होता. दोघे शंखांतूनच लटकलेले. बारक्याने डाव्या हाताने हळूहळू वाळू उकरली. खालचा खेकडा पांढुरका, मऊ होता. तोही गेला होता.

“पाणी शिंपडलं नाहीस?”

“विसरले.”

“खिडक्याही विसरून उघडल्यास?”

ताईने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली.

“हात गेलेल्या माणसाचं खूळ वाटलं असेल तुला,” बारक्या म्हणाला, आणि त्याने बोलणं टाकलं.

ताई माशांच्या दुकानात गेली. म्हटलं, नवे तरी आणू. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. “अहो, जाळीवर नुसती काच ठेवायची! ओल पेटीतच राहिली असती. खोली कशाला भिजवायची?”

ती रिकाम्या हातांनी घरी आली. “काच ठेवली असती तरी भागलं असतं,” एवढंच तिला म्हणता आलं. मग आईचा बांध फुटला. दमा, डॉक्टरीणबाई, शपथ, सगळं तिने सांगून टाकलं.

बारक्या आईच्या खाटेशी येऊन बसला. मग म्हणाला, “तू माझ्या डोळ्यांसमोर गुदमरत होतीस, आणि मला सांगितलं नाही? मी खिडकी उघडली नसती असं वाटलं तुम्हाला? हात गेला माझा. अक्कल नव्हती गेली.”

“तू पुन्हा भिंतीकडे तोंड करशील म्हणून, राजा...”

“म्हणून मला लहान मूल केलंत.”

त्याच आठवड्यात एका जुन्या सोबत्याने त्याला दुसऱ्या गावी गोदामाच्या राखणीचं काम मिळवून दिलं. ताई पिशवी भरायला पुढे झाली, तर त्याने ती ओढून घेतली. शर्टाच्या घड्या त्याने एका हाताने घातल्या, वेड्यावाकड्या. आईच्या पाया पडला. ताईला म्हणाला, “तिला जप.” त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत आई ऐकत राहिली. मग म्हणाली, “आता तरी खिडकी लाव. भिंत वाळलीय. गार वारा येतोय.”

ताईने खिडकी लावली आणि कामावर जायला निघाली.