पॅरिसहून दोनच तास

दोन तास! हे दोन शब्द कमलेश आमच्या ओट्यावर बसून बोलला नसता, तर माझ्या डोक्याला एवढा ताप झाला नसता.

आमची रविना व्हिएन्नाच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिचं बाळंतपण जवळ आलं होतं. आमच्याकडे पाचवी पुजेपर्यंत बाळाला नवं कापड लावत नाहीत, आजीच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळतात. माझ्या बायकोने, भागीने, आपलं मऊ झालेलं लुगडं फाडून दुपटं शिवून ठेवलं होतं. तेवढ्यात शेजारचा कमलेश कंपनीच्या कामाला पॅरिसला निघाला.

"मामी, द्या इकडं. पॅरिसहून व्हिएन्ना हजारेक किलोमीटर. विमानानं दोनच तास. सुट्टीच्या दिवशी देऊन येतो."

"जव्हारवरून नाशिकला यापेक्षा जास्त लागतं," भागी मला म्हणाली.

मी म्हटलं, कुरिअर करू. तर भागी म्हणे, घरचा माणूस जातोय नि कुरिअर कशाला? आमच्या जामसर गावात नाशिकचं सामान असंच येतं. जीपवाल्याच्या हातात पिशवी द्यायची, नाव सांगायचं. तो फाट्यावर हॉर्न वाजवून पिशवी देतो. भागीच्या लेखी कमलेश म्हणजे विमानातला जीपवाला. मी मुकाट्याने पिशवीवर पत्ता लिहिला.

रविनाला मुलगी झाली. भागी उठता-बसता विचारी, "पोचला का कमल्या?" मी फोन लावी, तो उचलत नसे. मग रविनाचाच फोन आला.

"बा, कमलेशदादा म्हणतो, त्याला मीटिंग हाय. दोनच तास हायेत, तूच येऊन घेऊन जा म्हणतो. मी ओली बाळंतीण, कुठं जाऊ?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अंतर सगळ्यांना तोंडपाठ, जायला मात्र कुणी नाही! पाचवीच्या आधीच माझी नात दुकानातल्या कोऱ्या कपड्यात होती. भागी त्या दिवशी जेवली नाही.

कमलेश परत आला तो पिशवी घेऊनच. "मामा, खरंच जमलं नाय हो." मला त्याला चार शब्द सुनावायचे होते. भागीने त्याला कोरा चहा दिला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

इतक्यात अंगणात हॉर्न वाजला. पलीकडच्या घरातल्या गोजाबाईची नाशिकहून आलेली औषधं घेऊन रघ्या जीपवाला फाटा सोडून आत आला होता. म्हातारीला फाट्यापर्यंत चालवत नाही म्हणून. तिच्या दाराला कडी दिसली, म्हणून औषधं आमच्याकडे द्यायला आला. भागी उठली. कमलेशकडे न बघता पिशवी रघ्यापुढे धरली.

"रघ्या, एवढं आमच्या रविनाकडं देशील?"

मला हसू यायला हवं होतं. डोळेच भरून आले.

रघ्याने पिशवी हातात घेतली, उलटीपालटी करून पत्ता पाहिला. "लांब हाय का, मावशी?"

"नाय रं," भागी म्हणाली. "दोनच तास."