दहावी जोडी

तिने काचेचा बारीक तंतू चिपच्या कडेला टेकवला आणि कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. चिपवर कोरलेल्या प्रकाशाच्या वाटांच्या नऊच्या नऊ जोड्यांनी दगा दिला होता. डाव्या वाटेत सोडलेला प्रकाश पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत शेजारच्या उजव्या वाटेत झिरपायचा. चिप लहान करायची तर वाटा खेटून हव्यात, आणि खेटल्या की हे असं. आज जमलं नाही तर तीन वर्षांचं काम गुंडाळा, असं साहेबांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं. आता एकच जोडी उरली होती.

दारात आखणीकाका येऊन उभे राहिले. वाटांचे आराखडे वीस वर्षं तेच काढत. कॉपी करण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. प्रत्येक रेषेची रुंदी स्वतः टाइप करणार. हातात आराखड्याचा कागद होता, त्यावर एक आकडा तांबड्या पेनने खोडलेला.

"ताई, दहावी मोजू नका. दोन्ही वाटा चारशे नॅनोमीटर रुंदीच्या हव्या होत्या. माझ्या हातून डावी साडेचारशेची पडलीय. हल्ली डोळे साथ देत नाहीत. कुणाला बोललो नाही."

पन्नास नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा हजारावा भागही नाही. पण शेवटची संधीही गेली, असंच तिला वाटलं. तरीही तिने तंतू दहाव्या जोडीच्या डाव्या वाटेला टेकवला आणि लेझर चालू केला.

पडद्यावर डावीकडे पांढरा ठिपका उमटला. उजवीकडे काळोख.

तिने तंतू काढून पुन्हा टेकवला, प्रकाश वाढवला. काळोखच. सारख्या वाटांमधून बिनदिक्कत ये-जा करणाऱ्या प्रकाशाची चाल या रुंद वाटेत शेजारच्या वाटेशी जुळत नव्हती, म्हणून तो आपल्या वाटेने निमूट जात होता. एवढ्याशा फरकाने. 

"फार बिघडलंय का?" काका डोळे बारीक करून चिपकडे बघत होते. "मला तर उजेडच दिसत नाही."

"तो अवरक्त आहे, कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही, काका. कॅमेऱ्यालाच दिसतो." तिने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. "इथे पडद्यावर, उजवीकडे बघा. काही दिसतंय?"

काका बराच वेळ बघत राहिले.

"नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली. "तुमच्या साडेचारशेनंच अडवलाय तो प्रकाश."

काकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि खोडलेला साडेचारशेचा आकडा पुन्हा लिहिला, जरा मोठ्या अक्षरात.