खळीखालची शिफारस

मी एक जुनी वही आहे. माणसाने माणसासाठी निःस्वार्थ बुद्धीने जे काही करून ठेवलं आहे, त्याचा पुरावा कोणी मागितला तर बेधडक माझ्याकडे बोट दाखवावं. माझ्या दोनशे पानांवर तीनशेहून जास्त शिफारशी आहेत. आपल्याला आवडलेला व्हिडिओ गेम दुसऱ्यालाही खेळायला मिळावा, एवढ्याच तळमळीने त्या लिहिल्या गेल्या. मित्रांनो, हे वाचून तुम्हाला भरून आलं असेल तर जरा थांबा. त्यातल्या एकशे चौदा शिफारशी एकाच माणसाच्या आहेत. तो दातांचा डॉक्टर आहे आणि एकशे चौदा वेळा त्याने एकच गेम सुचवला आहे.

माझा जन्म एका छापखान्याच्या मागच्या खोलीत झाला. तिथे माझी पानं आखली गेली, शिवली गेली आणि वर जाड पुठ्ठा बसला. माझ्या बरोबरीच्या काही वह्या शाळेत गेल्या, एक दवाखान्यात लागली. मी मात्र व्हिडिओ गेम भाड्याने देणाऱ्या एका दुकानात आले. किल्ल्या बनवणारा आणि लाँड्री यांच्या मधोमध ते दुकान दामटून बसवलं होतं. दोन माणसं एकदम आत आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहून मत द्यायचं, इतकी जागा.

दुकानाच्या मालकांना सगळे काका म्हणत. शेल्फवर ते नुसत्या डब्या मांडायचे. खऱ्या तबकड्या त्यांच्या पाठीमागच्या खणात, नंबर घातलेल्या पाकिटांत असायच्या. कोणी डबी लांबवली तर डबीच जाते, असा त्यामागचा विचार. काका विचारी गृहस्थ होते. दुकानाचं बरंचसं नुकसान त्यातूनच झालं.

मी आले त्याच दिवशी त्यांनी मला गल्ल्याशेजारी सुतळीने बांधलं, दुसऱ्या सुतळीने एक पेन्सिल बांधली आणि तीन नियम केले. गेम परत करायला येणाऱ्याने दुसऱ्यांसाठी एक तरी शिफारस लिहायची. वाचणाऱ्याला शिफारस पटली तर तिच्यापुढे बरोबरची खूण करायची. आणि महिनाअखेरीला ज्या पानावर एकही खूण नसेल, त्यावर कोरा कागद चिकटवून ते पान पुन्हा वापरायचं. यासाठी काका स्वतः मैद्याची खळ शिजवत. कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत. त्या खळीचा त्यांना दुकानापेक्षा जास्त अभिमान होता.

सुरुवातीची वर्षं माझ्या कौतुकाची होती. लोक येत, मला उघडत, आणि कोणाचंही काही न वाचता स्वतःचं लिहून जात. डॉक्टर 'अखेरचा किल्ला' लिहीत आणि पुढे खूणही स्वतःच करून टाकत. मग बाकीचेही तेच करू लागले. गणिताच्या बाई 'चौकोनी संकट' हा गेम सुचवत. तो एकटीने, दार लावून खेळावा असं खाली सक्त बजावत. लाँड्रीवाला मोटारींच्या शर्यतीचा तिसरा भाग सुचवून दुसऱ्या भागाला शिव्या घाली. कोणीही कोणाचा गेम कधी नेला नाही. जो तो आपलाच आवडता पुन्हा नेई आणि पुन्हा सुचवी. मला वाटायचं, हे असंच असतं. मी वही होते, मला तुलना करायला दुसरं जग नव्हतं.

अशात एका शनिवारी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी एक बाई आली. काका तिला ताई म्हणत. ती दर शनिवारी एक गेम न्यायची आणि पुढच्या शनिवारी न खेळल्यासारखाच परत आणायची. त्या दिवशी तिने पेन्सिल हातात घेतली, टोक नखाने साफ केलं आणि माझ्या एकसष्टाव्या पानावर, लाँड्रीवाल्याच्या खूण केलेल्या शिफारशीखाली, लिहिलं: "वय सत्तर. हात चांगले चालतात. बोलणं जवळजवळ बंद. माझ्यासोबत खेळतील असा, दोघांचा गेम सुचवा. मारामारी नको. घाई नको."

काकांनी उलटं वाचूनच भुवया वर केल्या. "ताई, ही शिफारस नाही. ही विचारणा झाली. वहीत विचारणा बसत नाही."

"मग कुठे बसते?"

काकांनी खरोखरच विचार केला. "राहू द्या," ते म्हणाले.

मग तिने त्यांना सांगितलं. तिचे वडील तेहेतीस वर्षं एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवत होते. दिवसाला हजारभर माणसांशी बोलायचे, पण एकच वाक्य, कितवा मजला. निवृत्त झाल्यावर ते वाक्यही गेलं. घरात आई बोलायची आणि ते ऐकायचे, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आई गेली आणि लक्षात आलं. आता त्यांच्याकडे तीन शब्द उरले होते: 'बरं', 'नको' आणि 'झालं'. एकदा शेजाऱ्यांच्या घरी त्यांनी गेमचा रिमोट हातात घेतला आणि दोन मिनिटं सोडला नाही. तेवढ्या दोन मिनिटांवर ही बाई आठ महिने शनिवार काढत होती. घरी तिने आणलेला गेम ते थोडा वेळ बघत, रिमोट अलगद खाली ठेवत, म्हणत, झालं.

उत्तरं भराभर आली. डॉक्टरांनी लिहिलं, 'अखेरचा किल्ला. वयाचा प्रश्नच नाही, तोफा धडाडल्या की माणूस आपोआप बोलता होतो.' गणिताच्या बाईंनी 'चौकोनी संकट' लिहिलं, दुसरं माणूस शक्यतो खोलीबाहेर ठेवावं अशी सूचनाही दिली. लाँड्रीवाल्याने दुसरा भाग घेऊ नका एवढंच लिहिलं. बासष्टावं पान असं भरून गेलं आणि प्रत्येकापुढे ज्याची त्याची खूण झाली. मित्रांनो, इतक्या लोकांनी इतक्या आपुलकीने उत्तरं दिली आणि प्रश्न एकानेही वाचला नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक उंच म्हातारे गृहस्थ दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. सदऱ्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. काका 'या' म्हणेपर्यंत ते आत आले नाहीत. आत आले तेही दाराला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट सोडून उभे राहिले. मी ओळखलं. ताईला त्या दिवशी दुपारपाळी होती, म्हणून तबकडी परत करायला तिने त्यांना पाठवलं होतं. काकांनी मात्र ओळखलं नाही. पाकिटावरचा नंबर बघून त्यांनी तबकडी खणात टाकली आणि मला पुढे सरकवलं. "आजोबा, नियम आहे. काहीतरी लिहा."

आजोबांनी मला पहिल्या पानापासून उघडलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला पहिल्या पानापासून वाचणारा हा एकच माणूस. एकसष्टाव्या पानावर ते थांबले. अक्षर ओळखायला त्यांना फार वेळ लागला नसावा. 'वय सत्तर' या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं आणि मजल्याचं बटण दाबावं तसं दाबून धरलं. मग चष्मा पुसला. मग सगळी उत्तरं वाचली, डॉक्टरांचंसुद्धा. मग ते शेल्फकडे गेले आणि एकेक डबी काढून तिच्या पाठीवरचा मजकूर वाचू लागले. पाऊण तास वाचत होते. शेवटी एक निळी डबी त्यांनी दोनदा वाचली, जागेवर ठेवली आणि परत माझ्यापाशी येऊन त्रेसष्टाव्या पानावर लिहिलं:

"निळी नाव. दोघांचा आहे. एक वल्हवतो, एक कंदील धरतो. घाई नाही. बोलावं लागत नाही. म्हातारा खेळेल."

नाव लिहिलं नाही. पुढे खूणही केली नाही. स्वतःच्या लिखाणाला स्वतःच शाबासकी द्यायची असते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "झालं," ते काकांना म्हणाले आणि निघून गेले. माझ्यातली ही एकच शिफारस, जी करणाऱ्याने तो गेम कधी खेळला नव्हता. त्याने फक्त प्रश्न वाचला होता.

संध्याकाळी काकांनी खळ शिजवली. मोरचूद संपलं होतं. एका पानासाठी कुठे आणायचं, असं ते स्वतःशीच पुटपुटले, कारण त्या महिन्यात खूण नसलेलं पान एकच होतं. त्यांनी त्रेसष्टाव्या पानावर खळ फासली, कोरा कागद बसवला आणि बुडबुडे राहू नयेत म्हणून तळहाताने चारी कोपऱ्यांकडे चोपून घेतला. फार सुबक काम झालं. वहीचं असं असतं, पोटात कितीही मजकूर असला तरी तोंड नसतं. या बाबतीत माझं आणि त्या आजोबांचं चांगलं जमलं असतं.

ताई आली तोवर डॉक्टरांनी त्या कोऱ्या कागदावर 'अखेरचा किल्ला का खेळावा: भाग सातवा' लिहून काढला होता. तिने एकसष्टावं पान पाहिलं, बासष्टावं पाहिलं. त्रेसष्टाव्यावर कोपर टेकवून भाग सातवा निम्मा वाचला. "काही नाही यात," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिच्या आवाजात जरा जान होती. "काका, बाबा हल्ली विचारतात. दुकानात गेली होतीस का, म्हणतात. अख्खं वाक्य."

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगते, गेले होते, काही नाही मिळालं. मग म्हणतात, बरं."

"सुधारणा आहे," काका म्हणाले.

तीन शनिवार आजोबांनी विचारलं, तीन शनिवार तिने काही नाही म्हणून सांगितलं. चौथ्या शनिवारी ती आली तेव्हा काकांनी आपणहून चौकशी केली. हल्ली विचारत नाहीत, ती म्हणाली. रिमोट दिला तरी घेत नाहीत, हात पाठीमागे बांधून बसतात. मला कारण कळलं. मुलीने वाचलं आणि आपल्याला नको म्हटलं, असं त्यांनी धरलं होतं. दुसरं काय धरणार? आणि मुलीने धरलं, की आता बाबांना काहीच नको आहे. दोघांच्या मध्ये एक कागद होता आणि तो नीट, चारी कोपऱ्यांना चिकटलेला होता.

त्या दिवशी तिने थकून 'अखेरचा किल्ला' नेला. दुकानाच्या इतिहासात एकाने दुसऱ्याची शिफारस मानल्याचा हा एकमेव प्रसंग. ती परत द्यायला येणार म्हणून डॉक्टर दवाखाना बंद ठेवून हजर राहिले.

"काय म्हणाले वडील?"

"झालं म्हणाले."

"अहो, तो किल्ला संपवायला मला चार महिने लागले होते," डॉक्टर म्हणाले. तिने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. आजोबा पहिली तोफ उडाल्यावर उठून आतल्या खोलीत गेले, हे तिने नंतर फक्त काकांना सांगितलं.

त्यानंतर ती आली नाही.

मग माझे वाईट दिवस आले. गेम तारेतून परस्पर घरी येऊ लागले आणि शिफारशींसाठी पडद्यावर पाच चांदण्या मिळू लागल्या. तिथेही डॉक्टर लिहितात असं ऐकते. दुकान बंद करताना काकांनी सुतळी कापली. मला रद्दीत घालायचा त्यांना धीर झाला नाही. माझ्यात एकच प्रश्न विचारला गेला होता आणि तो ताईचा होता, म्हणून ते मला तिच्या घरी देऊन आले. तिने मला उघडलं नाही. प्रयोगशाळेच्या जुन्या पांढऱ्या कोटांखाली कपाटात ठेवलं. आजोबा तेव्हा हयात होते. भिंतीपलीकडे त्यांची खुर्ची सरकलेली मला ऐकू यायची. दुसऱ्या वर्षी ती सरकायची थांबली.

कपाटात मला कसर लागली. बाकीच्या पानांवरच्या खळीत मोरचूद होतं, तिकडे ती फिरकली नाही. त्रेसष्टाव्या पानावर मात्र तिने मनापासून काम केलं. मी आयुष्यात कोणाचे आभार मानले असतील तर त्या किड्यांचे. आज सकाळी ताईने कपाट रिकामं करताना मला झटकलं आणि भाग सातवा अख्खाच्या अख्खा सुटून जमिनीवर पडला.

तिने उभ्या उभ्या वाचलं. मग बाबांचं अक्षर ओळखून खाली बसून वाचलं. शेवटच्या दोन शब्दांवर तिने बोट ठेवलं, आणि अगदी तसंच दाबून धरलं. रडली वगैरे नाही. पडलेला कागद उचलून तिने तो पुन्हा त्या पानावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग मला पिशवीत घालून ती काकांच्या घरी गेली.

काका आता वाकले आहेत. न विकलेल्या डब्या त्यांनी, आपापल्या तबकड्या आत घालून, पलंगाखाली पोत्यात भरून ठेवल्या आहेत. तिने ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं, स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं आणि पोतं ओढायला वाकले. पोतं जड आहे. ते बाहेर येईपर्यंत माझी विनंती सांगून टाकते.

मित्रांनो, वह्यांना कव्हर घाला, पानं दुमडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं म्हणणं वेगळं आहे. कोणी तुम्हाला विचारलं की मी काय खेळू, तर तुमचा आवडता गेम सांगण्याआधी तो कोण आहे, कोणासाठी विचारतो आहे, हे एकदा वाचा. कोणाचं लिहिलेलं झाकायचं असेल तर झाकण्यापूर्वी वाचा. आणि आपल्याला काही सांगायचं असेल तर वहीत लिहून घरी जाऊन वाट बघत बसू नका. तुम्ही हे ऐकाल अशी माझी समजूत नाही. माझ्यात तीनशे शिफारशी आहेत, ही आणखी एक.

पोतं बाहेर आलं. निळी नाव तळाशी होती. ताईने डबी पदराने पुसली आणि उघडली. आत काहीच नव्हतं.

"ती तबकडी पहिल्याच वर्षी तडकली होती," काका म्हणाले. "डबी शेल्फवर बरी दिसायची, म्हणून ठेवली होती."