करपलेलं खोबरं

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्यानं हे म्हटलं त्यानं कोल्हापुरात भाड्याची खोली शोधली नसणार. सत्त्याण्णव सालच्या चैत्रात मी ती शोधत होते. माझा नवरा आकाराम एसटीत ड्रायव्हर. गडहिंग्लजहून त्याची इकडं बदली झाली आणि आम्ही लेकीला घेऊन त्याच्या बहिणीच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. आता तिच्या मुलाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. नव्या सुनेला खोली लागणार, तुम्ही उठा, असं तोंडानं कुणी म्हटलं नाही. पण नणंद आमची भांडी वेगळ्या फळीवर लावायला लागली होती.

शाहूपुरीत शिवकुमारांच्या घरामागं दोन खोल्या रिकाम्या होत्या. शिवकुमारांची गुळाची अडत होती, माणूस तोंडाचा फटकळ. आकाराम मुक्कामी गाडीवर गेला की घरात मी आणि वयात आलेली निशिगंधा, दोघीच. त्यामुळं मालक घरातच राहतात अशी जागा मला हवी होती, आणि इथं शाळाही हाकेच्या अंतरावर. बाकीच्या घरमालकांनी मागितलेलं डिपॉझिट ऐकून आकाराम मान खाली घालून परत यायचा. शिवकुमारांनी डिपॉझिट मागितलं नाही.

"वैनी, आमी लिंगायत," ते म्हणाले. "आमच्या घरात अंडंसुदिक येत न्हाय. तुमी भाईर काय खावा, माझं म्हणणं न्हाय. पण चुलीवर चढता कामा नये."

"गडहिंग्लजात नऊ वर्सं भरमाप्पाअण्णांच्या घरात भाड्यानं ऱ्हायलो. तिथंबी ह्योच नेम हुता."

"मिरचीवालं भरमाप्पा?" ते सरळ होऊन बसले. "मग काय इच्यारायचं. त्यांनी एवढंच सांगू द्या, हिच्या चुलीवर कधी चढलं न्हाय म्हणून. चिठ्ठी द्या, फोन करू द्या. त्यांचा शब्द आणा, किल्ली न्या. आखितीपतोर थांबतो. मग दुसऱ्याला देणार."

मी त्याच दिवशी गडहिंग्लजला पत्र टाकलं. उत्तर नाही. दुसरं टाकलं. त्यालाही नाही. मग एसटीडी बूथवर जाऊन दुकानात फोन लावला. फोन अण्णांनीच उचलला.

"अण्णा, मी झुंबर. आकारामची झुंबर."

पलीकडं मिरचीच्या खकाण्यानं कुणीतरी शिंकत होतं. अण्णांचा श्वासही मला ऐकू येत होता. मग रिसिव्हर ठेवल्याचा आवाज आला. परत लावला तर दुकानातला माणूस म्हणाला, "अण्णा न्हाईत." त्याच्या मागं अण्णा खोकत होते.

मला असा राग आला की बूथवाल्याकडून सुट्टे पैसे घ्यायचेसुद्धा विसरले. नऊ वर्षं आम्ही त्या माणसाचा नेम पाळला होता. रविवारचं मटण गावाबाहेर माझ्या चुलतबहिणीकडं खायचो आणि चुळा भरभरून घरी यायचो. निशिगंधा तर दारात पाय ठेवण्याआधी हात हुंगून बघायची. अण्णांची बायको, बसव्वाक्का, आजारी पडली तेव्हा तिची वेणीफणी मी केली, तिची धुणी मी धुतली. आणि आता हा माणूस मूग गिळून बसलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गडहिंग्लजची गाडी धरली.

अण्णा दुकानात गादीवर बसले होते. अक्का जाऊन दोन वर्षं झाली होती, तेवढ्यात ते दहा वर्षांनी थकलेले दिसले. त्यांनी मला ताक मागवलं, पण माझ्याकडं बघितलं नाही.

"आमी तुमचं काय वाईट केलं, अण्णा?" मी विचारलं. "एक शब्द सांगायचा, त्यो एवढा जड का झाला?"

त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "हे गळ्यात घालून खोटं बोलू व्हय मी? तुझ्या चुलीवर चढलंय, झुंबर."

हातातलं ताक तसंच राहिलं. ते खरं बोलत होते. पण त्यांना ते कळलं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

अक्काची छाती धरली होती, अंगात हाडं तेवढी उरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, अंडी द्या, पायाचं सूप द्या. अण्णा तिथल्या तिथं म्हणाले, "जीव गेला तरी आमच्या घरात न्हाय." अक्कानं मान खाली घातली. मी बरोबर होते, मी बघितलं. काही दिवसांनी भर दुपारी अक्का भिंतीला धरत धरत माझ्या दारात आली. ती मला तंगी म्हणायची, कन्नडमध्ये धाकटी बहीण. "तंगी," ती म्हणाली, "मला एवढ्यात मराय नको वाटतंय गं."

एवढंच. याच्यावर कोण काय बोलणार.

तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, "मालकांस्नी कळाय नको. कुणालाच नको." आकाराम डब्यातून पाया आणायचा. मी स्टोव्हवर सूप करायची, आणि वास लपावा म्हणून शेजारी शेगडीत सुकं खोबरं भाजायला टाकायची, ते पार काळं होईपर्यंत. अक्का लिंग पदराखाली झाकायची, डोळे मिटायची आणि प्यायची. बाहेरच्या कट्ट्यावरून अण्णा ओरडायचे, "झुंबर, खोबरं करपतंय गं!" मी म्हणायची, "व्हय अण्णा, ध्यान न्हाय ऱ्हायलं." अक्कानं ती दिवाळी बघितली. संक्रांतीला तिळगूळ वाटला. मग गेली.

आता अण्णा माझ्यासमोर लिंग धरून बसले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. कुणासाठी शिजवलं एवढं सांगितलं असतं तर मी सुटले असते. अक्काचा हार घातलेला फोटो त्यांच्या डोक्यावर होता.

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "चढलंय."

"कुणासाठी?"

"आमच्यासाठी."

आता मात्र त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग नजर वळवली. मी फोटोच्या पाया पडले, "येतो," म्हणाले आणि बाहेर पडले. गाडीत कागल येईपर्यंत पदर तोंडाला लावून बसले होते. खोलीचं दुःख होतंच, पण अण्णांच्या मनात आम्ही आता कायमचे खोटारडे, हे जास्त लागत होतं.

"सांगून टाकायचं की," आकाराम घरी म्हणाला. "अक्का तर आता न्हाईत."

"अक्का न्हाईत. शपथ हाय."

आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी मी शाहूपुरीत गेले. खोली अडवून ठेवू नका, असं तोंडानं सांगून यावं म्हटलं. उगाच कुणाला टांगून ठेवणं मला जमत नाही. आत शिवकुमार बसले होते आणि त्यांच्यासमोर, कापडी पिशवी मांडीवर घेऊन, भरमाप्पाअण्णा.

"बस," अण्णा मला म्हणाले. मग शिवकुमारांकडं वळले. "हिच्या चुलीवर चढलं. माझ्या बायकोसाठी चढलं."

शिवकुमारांनी माझ्याकडं बघितलं.

"डॉक्टरनं सांगितलं, मी न्हाय म्हणालो. बायकोच्या तोंडावर न्हाय म्हणालो. हिनं केलं. मला पयल्याच दिवशी वास आला. मग मी कट्ट्यावर जाऊन बसाय लागलो. तिथनं ओरडायचो, खोबरं करपतंय म्हणून. म्हंजे बसव्वाला वाटावं, ह्येला काय कळलं न्हाय. जरा बिनघोर प्यावं तिनं." त्यांनी ओठ पुसले. "हिची पत्रं आली. काय लिवू? चढलं न्हाय म्हणावं तर खोटं. चढलं म्हणावं तर कुणासाठी, ते आलंच. गप बसलो. परवा दुकानात हिला इच्यारलं, कुणासाठी. ही म्हणाली, आमच्यासाठी. घर जातंय, तरी माझ्या बायकोचं नाव घेतलं न्हाय हिनं. तवापासनं घास उतरंना." पिशवी सावरत ते म्हणाले, "माझा शब्द पायजे हुता न्हवं? ह्यो घे. खोली दे, न्हायतर नगं दिऊस. घर तुझं हाय."

बाहेर हमाल गुळाच्या ढेपा उतरवत होते. शिवकुमार उठले, खुंटीवरची किल्ली काढली. "नेम त्योच ऱ्हाईल, वैनी," ते म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी किल्ली मला दिली नाही, अण्णांच्या हातात ठेवली. "तुमीच द्या, अण्णा."

अण्णांनी ती माझ्या हातात दिली, पण हात मागं घेतला नाही.

"तंगी," ते म्हणाले. या नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. "पिताना रडायची काय गं ती?"

"न्हाय अण्णा," मी म्हणाले. "तुमी कट्ट्यावरनं खोबरं करपतंय म्हणून ओरडलासा की हसायच्या. मग सगळी वाटी संपवायच्या." इतके दिवस मला वाटायचं, ती माझ्या करपलेल्या खोबऱ्याला हसते. ती अण्णांच्या त्या सोंगाला हसायची, हे मला आत्ता उमगलं.

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि दोन्ही हातांनी तोंडावर धरला.