तामुयागच्या पाण्याची बातमी

मी एक टेपरेकॉर्डर. त्यातही बातमीदाराचा, आणि हा जन्म वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. एखाद्या लग्नघरात पडलो असतो तर गाणी वाजवून सुखात राहिलो असतो. माझ्या नशिबी माणसांचं बोलणं आलं.

फिलिपिन्सच्या डोंगरात, बागियोच्या बाजारात कॉर्ना वाइलाननं मला उचललं. ती तिथल्या एका साप्ताहिकाची बातमीदार. तिथल्या कलिंगा प्रांताच्या डोंगरगावांतले सण, गाणी आणि भांडणं तिच्याकडे. लहानथोर तिला ‘मनांग’ म्हणत, म्हणजे थोरली बहीण. बाई जिवाला जीव देणारी, पण माझे सेल मान टाकेपर्यंत बदलायची नाही. ते काढून काखेत धरायची, शेकायची आणि परत कोंबायची. बावीस वर्षं मी हे सोसलं.

आणि माणसं! ‘मला काही बोलायचं नाही’ म्हणणारा हमखास तासभर बोलतो. ‘हे लिहू नका हं’ म्हटलं की समजावं, आता खरं बाहेर पडणार. म्हातारे आधी घसा खाकरणार, तंबाखू थुंकणार, मग कुठे आजोबांपासून सुरुवात. तेवढ्यात कोंबडा आरवतो. माझ्या पोटात निम्मे कोंबडेच आहेत.

पण या सगळ्यांच्या वरताण म्हणजे तिचा संपादक ऑर्तेगा. खालच्या सपाटीवरून आलेला माणूस, डोंगराची एक पायवाट त्याला ठाऊक नव्हती. कॉर्नानं म्हातारीचं दोन तासांचं गाणं आणलं तर छापायचा चार ओळी, त्याही जाहिरातीखाली.

एका वर्षी तामुयागच्या एका माणसानं कॉर्नाच्या गावच्या, दालिपोगच्या तरुणावर कोयता चालवला. कारण काय, तर रेडा शेतात शिरला. तरुण वाचला, पण दोन गावांमधला बोदोंग, म्हणजे वाडवडिलांनी केलेला सलोख्याचा करार, तुटायला आला. तुटला असता तर दोन्हीकडे मुडदे पडले असते. कॉर्नाचे दोन्ही भाऊ दालिपोगला होते. ती तडक तामुयागला गेली, तिथे करार सांभाळणाऱ्या सागायोंच्या घरी. त्यांना सगळे ‘आपो’, म्हणजे आजोबा, म्हणत.

आमच्या डोंगरात अशा वेळी पाहुणा बसला की सगळे गप्प राहतात. घरच्यांनी पाणी पुढे केलं तर तो त्यांच्या आसऱ्याला आला, करार शाबूत. नाही केलं तर करार मोडला समजून मुकाट्यानं उठून चालू पडायचं. मी तिच्या मांडीवर सुरू होतो. बराच वेळ नुसती शांतता, मग करवंटीत पाणी ओतल्याचा आवाज आला आणि कॉर्ना घटाघटा प्यायली.

“प्यायलीस ना पोरी?” आपो म्हणाले. “मग तुझ्या गावाला कळव, तामुयागनं पाणी पाजलं. तुझ्या कागदात पहिलं हेच लिही.”

तिनं पहिलं तेच लिहिलं. ऑर्तेगानं पहिलं तेच खोडलं.

“कॉर्ना, तू पाणी प्यायलीस ही काय बातमी झाली? उद्या जेवलीस ते छापू का?”

“सर, डोंगरातली माणसं तेवढंच शोधतील. बाकीचं वाचणारसुद्धा नाहीत.”

“बाकीचे वाचतील,” तो म्हणाला आणि त्यानं वर मोठ्या अक्षरांत टाकलं, ‘तामुयागमध्ये तणाव.’

शुक्रवारी अंक दालिपोगला पोचला. लोकांनी दोनदा वाचला. आपली मुलगी तामुयागला गेली हे छापलंय आणि पाणी मिळाल्याचं नाही, म्हणजे दिलंच नाही. दुपारपर्यंत बंदुका बाहेर निघाल्या.

कॉर्नाला कळलं तशी ती मिळेल त्या जीपच्या टपावर बसून निघाली. दालिपोगला करार सांभाळणारा तिचा सख्खा मामा, लिंगायो. त्याच्या अंगणात तिनं मला ठेवलं आणि बटण दाबलं. माझे सेल अर्थातच मेलेले. आपोंचा आवाज निघाला तो असा लांबलचक की लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“हा तर झिंगलेला दिसतोय,” एकजण म्हणाला. “झिंगलेल्याचा शब्द धरायचा का, मनांग?”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कॉर्नानं शेजारच्या रेडिओतले सेल उपटले. त्यावर बास्केटबॉलचा सामना चालला होता, शेवटची पाच मिनिटं राहिली होती, त्यामुळे त्यावरूनही कटकट झाली. मग मी नीट बोललो. पाणी ओतलं गेलं, घटाघट प्यायलं गेलं, आपो बोलले.

मामानं परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून तो हसायला लागला.

“एवढा आवाज करत पाणी या घरात हीच पिते. लहानपणी हिची आई यावरूनच हिला मारायची.” मग बंदूकवाल्यांकडे वळून म्हणाला, “ठेवा ती आत. पाणी पाजलंय त्यांनी.”

कॉर्ना तिथेच मातीत बसली आणि रडली. मला वाटतं, बावीस वर्षांत तेव्हाच मी तिला खरा उपयोगी पडलो.

तिनं हे सगळं लिहून दिलं. ऑर्तेगानं विचारलं, “मग झालं काय शेवटी?” ती म्हणाली, “काहीच झालं नाही, सर.” त्यानं कागद बाजूला सारला आणि त्या जागी सौंदर्यस्पर्धेचा फोटो टाकला.

आता माझं झाकण निखळलंय, पट्टा तुटलाय, आणि मी कॉर्नाच्या शिवणाच्या डब्यात बटणांखाली पडून आहे. त्याचं मला दुःख नाही. पण ज्यांचे मुडदे पडणार होते ते दोन्ही गावांत अजून भात लावतायत, रेड्यांवरून भांडतायत, आणि ही बातमी कुठेच छापून आली नाही. तुम्ही तरी चारजणांना सांगा.