वळणावरची स्थगिती

रुग्णवाहिका तिसऱ्यांदा मागे आली, तेव्हा मागे अडकलेल्या नगराध्यक्षांनी आपल्या गाडीतून उतरून दार धाडकन लावलं. पुढचं चाक गटाराच्या कडेला, मागची बाजू घड्याळजींच्या दुकानाला टेकलेली, आणि चालक बिचारा घामाघूम. चौथ्या खेपेला ती कशीबशी निसटली आणि दवाखान्याकडे गेली. गेल्या महिन्यात याच जागी एक बाई गाडीतच बाळंत झाली होती. आई-बाळ सुखरूप होते म्हणून गावाने त्याचा विनोद केला. पोराला सगळे 'वळणावरचा' म्हणू लागले. नगराध्यक्षांना मात्र हसू आलं नव्हतं.

"आज सही घेऊनच येतो," ते गाडीतल्या इंजिनिअरला म्हणाले. "तुम्ही बसा इथंच."

"मी येऊ का, साहेब? नकाशा दाखवतो."

"नकाशा बघून बघून त्यांना पाठ झालाय."

निवडणूक याच रस्त्यावर जिंकली होती. रुंद करतो म्हणाले, लोकांनी निवडून दिलं, आणि पाच वर्षांतले उरले होते दोन महिने. घोडं अडलं होतं एका कागदापाशी, आणि तो कागद त्यांनीच लिहिलेला होता. सतरा वर्षांपूर्वी नगरपालिका घड्याळजींचं हे वळणावरचं दुकान पाडायला आली, तेव्हा एका टेबलाचं ऑफिस असलेल्या या नवख्या वकिलाने कोर्टातून अशी स्थगिती आणली की पालिकेचे तीन वकील थकले, पण तिला कुठे फट सापडली नाही. गावात 'स्थगितीवकील' असं नाव पडलं. नावामागून पक्षकार आले, पक्षकारांमागून मतं आली. आता पालिकेच्या वकिलाला विचारलं, की तो मान खाली घालून म्हणायचा, "साहेब, अर्ज फार पक्का आहे हो." आपल्याच हातची गाठ, आणि ती दातांनीही सुटत नव्हती.

घड्याळजी खिडकीशी बसले होते, डोळ्याला भिंग लावून. वर न बघताच म्हणाले,

"या, वकीलसाहेब. स्टूल घ्या. जरा बेतानं, डुगडुगतंय."

नगराध्यक्षांना अजून वकीलसाहेब म्हणणारा गावात हा एकच माणूस उरला होता.

"काका, किती वेळा यायचं मी? मंत्र्यांच्या दारात इतक्या खेपा घातल्या नाहीत."

"तुमचंच सांगणं आहे. कुणी कसलाही कागद आणला तरी सही करायची नाही. मी स्वतः आलो तरी नाही, म्हणाला होतात."

"तेव्हा मी वकील होतो!"

"आणि आता?"

"आता गावाचं बघावं लागतं. उद्या इथं अडकून कुणाचा जीव गेला तर? तुम्हाला झोप लागेल?"

घड्याळजींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"दिवसभर तेच तर बघतो. पुढची पायरी मीच फोडून घेतली, तेवढीच गाडीला जागा. रस्ता व्हावा असं मलाही वाटतं. पण दुकान गेलं तर मी काय करू? या हातांना दुसरं काही येत नाही."

"नवा गाळा देतोय ना! बाजारात, उजेडाचा. हा घ्या करारनामा."

म्हाताऱ्याने कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि परत दिला.

"मला यातलं काय कळणार? नगराध्यक्ष सही करा म्हणतात, ते म्हणणारच. पण कोर्टात माझं वकीलपत्र अजून तुमच्याच नावावर आहे. माझे वकील म्हणून एकदा वाचा. कर म्हणालात, तर आत्ता करतो."

ते खरं होतं. निवडून आल्यावर सगळी प्रकरणं त्यांनी दुसऱ्या वकिलांकडे सोपवली होती. हे एकच राहून गेलं, कारण कित्येक वर्षांत त्याची तारीखच लागली नव्हती. एवढ्यावर भागतंय म्हटल्यावर नगराध्यक्षांना हायसं वाटलं. त्यांनी चष्मा लावला. पालिकेच्या विधी विभागाने केलेला हा मसुदा परवा चाळीस फायलींबरोबर त्यांच्यापुढे आला होता आणि त्यांनी त्यावर सही ठोकली होती. वाचला नव्हता. न वाचता सह्या करणाऱ्या पक्षकारांना त्यांनी जन्मभर झाडलं होतं.

पहिलं पान ठीक होतं. दुसऱ्या पानावर, सहाव्या कलमाशी त्यांचं बोट थांबलं. गाळा अकरा महिन्यांसाठी. पुढे मुदत वाढवायची की नाही, ते पालिकेच्या मर्जीवर. आणि सही झाली की जुन्या दुकानावरचा हक्क कायमचा सोडला.

ते कलम त्यांनी पुन्हा वाचलं. अकरा महिन्यांनी त्यांच्या खुर्चीत कोण असेल, कुणास ठाऊक. कलम बदलायचं तर आधी सभा, मग मंजुरी, मग पुन्हा तीच टेबलं. दोन महिन्यांत ते होत नसतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बाहेर पुन्हा हॉर्न सुरू झाले. इतका संताप आला की कागदाचे तुकडे करावेत. पण राग काढायचा कुणावर? मसुदा करणाऱ्यावर, तर खाली सही स्वतःचीच होती. आणि समोरचा माणूस पेनचं टोपण काढून तयार बसला होता.

"करू?" घड्याळजींनी विचारलं.

नगराध्यक्षांनी म्हाताऱ्याच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

गाडीशी आले तेव्हा इंजिनिअर दार उघडून उभाच होता.

"झाली सही?"

"नाही."

"आता काय झालं?"

"त्यांच्या वकिलाने करू नका म्हणून सांगितलं."

इंजिनिअर भडकला. "कोण हा वकील? दवाखान्याच्या वाटेत आडवा पडायला काही वाटत नाही त्याला? मला नाव सांगा साहेब, मी बोलतो त्याच्याशी."

वळणावर आता एक टेम्पो अडकला होता आणि त्याच्यामागे रांग लागली होती. नगराध्यक्षांनी करारनाम्याची घडी करून खिशात घातली.

"नको," ते म्हणाले. "मी बोलून पाहिलं. ऐकत नाही तो."