पाच रोटांची फळी

मित्रांनो, माझ्या काळवंडलेल्या कडा पाहून नाक मुरडू नका. मी देवदाराची एक जुनी फळी आहे. पाच रोट मावतील एवढीच माझी लांबी. पण मोरोक्कोतल्या दोन शहरांनी मला डोक्यावर घेतले आहे, आणि हे भाग्य राजाच्या सिंहासनालाही लाभत नाही.

माझा जन्म फेस शहरातल्या सुतारआळीतला. लल्ला बतूलचे लग्न झाले तेव्हा तिच्याबरोबर मी रसीफ मोहल्ल्यात आले. थापलेले कच्चे रोट माझ्यावर मांडून, वर लोकरीचे फडके घालून ती मला उंबऱ्यावर ठेवी आणि निर्धास्त आत जाई. उतारावरून जो कोणी मोहल्ल्याच्या सामायिक भट्टीकडे निघालेला असेल, तो न विचारता मला उचली. कधी निळ्या हातांचा रंगारी, कधी सोनार, एकदा तर काझींचे कारकून. त्यांच्या पगडीला पीठ लागले आणि सारी गल्ली आठवडाभर हसली. भट्टीवाले बा अल्लाल फडके वर करून पाहत आणि सगळ्यांना सांगत, "लल्ला बतूल आज नवऱ्याशी भांडलीय. पीठ बघा कसं बडवलंय." आणि ते खरे असे. फेस हे गर्दीचे, धक्काबुक्कीचे शहर. पण तिथे माझे ओझे कधी कोणाला जड झाले नाही.

चाळीस वर्षे अशी गेली. मग धनी वारले, त्याच महिन्यात घराची भिंत खचली, आणि मुलगा अब्देलहक आईला आपल्याकडे तेतुआनला घेऊन गेला. घरी गॅस आहे, फळी कशाला, असे तो म्हणत होता. तोवर मी बतूलच्या काखेत जाऊन बसले होते.

तेतुआन पाहून माझे डोळेच दिपले. पांढऱ्या भिंती, हिरवी दारे, धुऊन ठेवल्यासारख्या गल्ल्या, डोंगरावरून येणारा वारा. माणसेसुद्धा हळू बोलणारी. दुसऱ्याच दिवशी बतूलने मला उंबऱ्यावर ठेवले. तिच्या अंगावर वैधव्याची पांढरी वस्त्रे होती आणि चार महिने दहा दिवस तिला बाहेर पडायचे नव्हते. गल्लीशी जोडून घ्यायला तिच्यापाशी माझ्याशिवाय काही नव्हते.

माणसे आली आणि अदबीने बाजूने निघून गेली. कोणी मला हात लावला नाही. दुपारपर्यंत पीठ फुगून माझ्या कडांवरून ओघळले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर कोणीतरी माझ्यावर वाटीभर ऑलिव्ह आणि एक भाजलेला रोट ठेवून गेले. आपल्याला भिकारीण समजले, म्हणून बतूल ढसाढसा रडली. मुलाला म्हणाली, "शुक्रवारी मला फेसला नेऊन सोड. खचलेल्या भिंतीखाली राहीन, पण माणसांत राहीन." खरे सांगते, मलाही त्या गोऱ्यागोमट्या शहराचा राग आला.

गुरुवारी सकाळी ती दाराआड दबा धरून बसली. पावले थांबताच तिने दार उघडले. शेजारची शामा हातात अंजिरे घेऊन माझ्यावर वाकली होती.

"या घरात कोण उपाशी मरतंय गं, की रोज वाढायला येता?"

शामा गोरीमोरी झाली. "तसं नाही मावशी. आमच्या गल्लीत उंबऱ्यावर ठेवलेला रोट गेलेल्या माणसाच्या नावाचा असतो. भुकेला असेल तो नेतो. शेजाऱ्यांनी त्यात आपलं थोडं घालायचं."

"अगं, पण तो कच्चा होता."

"आम्हालाही कोडंच पडलं. म्हटलं, फेसची रीत असेल."

"मग विचारायला काय झालं होतं?"

"पांढऱ्या कपड्यांतल्या बाईचं दार कसं वाजवायचं? एरवी भट्टीला निघालो की दारोदार विचारतो आम्ही, काही न्यायचंय का म्हणून."

बतूल हसली, धनी गेल्यापासून पहिल्यांदाच. शामाने मला डोक्यावर घेतले. शुक्रवार आला आणि गेला; फेसचे नाव कोणी काढले नाही.

मुदत संपल्यावर बतूल स्वतः मला घेऊन भट्टीला जाऊ लागली, वाटेतले प्रत्येक दार वाजवत. गेल्या हिवाळ्यात शामाच्या सासूबाई वारल्या. भट्टीवरून परतताना शामाच्या उंबऱ्यावर तिची फळी दिसली. जुन्या सवयीने बतूलचा हात ती उचलायला पुढे झाला, आणि थांबला. तिने माझ्यावरचे दोन गरम रोट काढून त्या फळीवर ठेवले आणि दार न वाजवता पुढे निघाली.

घरी अब्देलहकने विचारले, "आई, तीनच? दोन भट्टीवाल्यानं खाल्ले काय?"

"शामाच्या दारात ठेवले," ती म्हणाली. "आता मी इथलीच ना."

मित्रांनो, यातले कोणते शहर अधिक चांगले, ते मला विचारू नका. एकाने न विचारता मला उचलले, दुसऱ्याने विचारल्याशिवाय हात लावला नाही, आणि माझा दोघांवरही जीव आहे. आता मला मधोमध तडा गेला आहे. कोणी म्हणेल, चुलीत घाला. तसे करू नका. अधूनमधून थोडे तेल चोळा, आणि पाच रोट मांडून मला भट्टीला पाठवत राहा. घरी किती परत आले, ते मात्र मोजू नका.